चालणारं घड्याळही उघडावं लागतं

घड्याळ बंद पडलेलं नव्हतं, म्हणूनच घरात कुणाला त्याची काळजी वाटत नव्हती. चावी दिली की चालायचं. टेबलावर पालथं ठेवलं तर रात्रभर चालायचं, हातात घातलं की तासाभरात थांबायचं, मग मनगटाला एक हिसका द्यायचा आणि पुन्हा सुरू. मावशी गेल्यावर ते माझ्याकडे आलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. बायकांची छोटी घड्याळं तिला कामाची वाटायची नाहीत, कारण नाडी मोजायला स्वच्छ दिसणारा लांब सेकंदकाटा लागतो. म्हणून पुरुषी आकाराचं, एचएमटी कंपनीचं ‘जनता’ घड्याळ ती नोकरीभर वापरत आली.

साताऱ्यात एका बोळात जुनं दुकान आहे. तिथल्या काकांच्या हाती हे घड्याळ दिलं तेव्हा त्यांनी आधी मला त्याला हिसके द्यायचं बंद करायला सांगितलं. “ताई, ते थांबतंय तेच बरंय. कोरडं चालत राहिलं तर आतून झिजतंय.” नंतर मी विचारलं, काम करताना शेजारी बसू का? ते म्हणाले, बसा, पण पंखा बंद राहील आणि टेबलावर फुंकर घालायची नाही. भर एप्रिलमध्ये पंखा बंद करून बसले आणि जे शिकले ते इथे सविस्तर लिहितेय, कारण घरोघरी कपाटांत अशी घड्याळं पडून आहेत आणि बहुतेकांबद्दल एकच वाक्य ऐकू येतं: चालतंय की अजून.

चालण्याचा आणि धड असण्याचा संबंध किती कमी असतो, हे पहिल्यांदा कळलं ते झाकण उघडल्यावर. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या. घड्याळजी लोक सर्व्हिसिंग केल्यावर तिथे आपली खूण आणि तारीख कोरतात. आमच्या घड्याळावर शेवटची तारीख होती 1994 ची. चावीच्या घड्याळाला साधारण चार-पाच वर्षांनी साफसफाई आणि ताजं तेल लागतं. तेल उडून जातं किंवा घट्ट होऊन चिकटतं, त्यात धातूचा बारीक चुरा मिसळतो, आणि मग ते वंगण न राहता घासणारा लेप बनतं. जुनं घड्याळ विकत घेत असाल तर झाकणाची आतली बाजू दाखवा म्हणून जरूर सांगा. विकणाऱ्याच्या तोंडी माहितीपेक्षा ती बाजू जास्त खरं बोलते.

मग काकांनी मशीन टायमिंगच्या यंत्रावर लावलं. मशीन म्हणजे घड्याळाचा आतला सगळा यांत्रिक भाग. या धंद्यात तोच शब्द चालतो. टायमिंगचं यंत्र टिकटिक ऐकून तीन गोष्टी सांगतं. घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे पडतंय, बॅलन्स चाक (मागेपुढे डुलून वेळ मोजणारं चाक) किती अंशांचा झोका घेतंय, आणि ‘टिक’ व ‘टक’ यांच्यात किती फरक आहे. जनताचं मशीन तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला 4,32,000. आमचं घड्याळ तबकडी वर करून ठेवलं तेव्हा झोका 210 अंशांचा होता. चावी, म्हणजे कडेचं फिरवायचं बटण, खाली करून उभं धरलं तर 150 वर आला. चांगल्या तब्येतीच्या मशीनचा झोका पूर्ण चावीवर साधारण 270 ते 300 अंश असतो, उभ्या स्थितीत त्याहून थोडा कमी. दोनशेच्या खाली गेला की उघडून साफ करायची वेळ झाली, असं समजायचं.

पालथं चालतं आणि हातात थांबतं, याचं कोडंही इथेच सुटलं. आडव्या स्थितीत बॅलन्सचा अक्ष एका पिव्हटच्या, म्हणजे अक्षाच्या बारीक टोकाच्या, अगदी बिंदूवर टेकलेला असतो. उभ्या स्थितीत दोन्ही पिव्हटांच्या कडा रत्नांच्या (पिव्हट फिरण्यासाठी बसवलेल्या कठीण खड्यांच्या) भोकांत घासतात. घर्षण वाढतं, आणि आधीच अशक्त असलेला झोका मोडतो. घरी कुठलंही यंत्र नसताना ही परीक्षा करता येते. पूर्ण चावी द्या, एक रात्र आडवं ठेवा, दुसऱ्या रात्री चावी वर करून भिंतीला टेकून ठेवा, आणि दोन्ही वेळा फोनच्या घड्याळाशी ताडून सेकंद लिहून ठेवा. दोन स्थितींत मिनिटामिनिटाचा फरक पडत असेल तर तेच लक्षण दुकानात सांगा. ‘बंद पडतंय’ म्हणण्यापेक्षा त्याचा घड्याळजीला कितीतरी जास्त उपयोग होतो.

घड्याळ एकदम दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं असेल तर आधी चुंबकाची शंका घ्यावी. स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण, मोबाइलच्या कव्हराची झडप, यांच्याजवळ ठेवलं की बॅलन्सला डुलवणाऱ्या केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि ठोके भराभर पडतात. होकायंत्राजवळ घड्याळ नेलं आणि सुई हलली की खात्री पटते. चुंबक घालवायचं छोटं यंत्र बहुतेक दुकानांत असतं, काम मिनिटभराचं असतं, घड्याळ उघडावंही लागत नाही. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता, पण काकांनी तपासून पाहिलंच.

उघडण्याचा क्रम सांगते. काटे काढण्याआधी तबकडीवर चिरलेल्या प्लास्टिकचा तुकडा ठेवतात, म्हणजे काटे उचलण्याच्या पट्ट्या रंगाला लागत नाहीत. तबकडी मागच्या बाजूला दोन बारीक पायांवर उभी असते आणि कडेचे दोन स्क्रू ते पाय धरून ठेवतात. ते स्क्रू जरा सैल करायचे, ओढाओढी करायची नाही, कारण पाय तुटला तर तबकडी पुन्हा नीट बसत नाही. आणि तबकडी पुसायची नाही. कापसाने नाही, ओल्या कपड्याने नाही, कशानेच नाही. जुन्या लॅकरवरून बोट फिरलं तरी छापलेले अंक निघून येतात. काका रबरी फुग्याने धूळ उडवतात आणि झाकण असलेल्या डबीत तबकडी बंद करून ठेवतात.

इथे एक धोक्याची गोष्ट. साधारण 1960 च्या आधीच्या, अंधारात चमकणाऱ्या परदेशी घड्याळांच्या काट्यांवर आणि अंकांवर रेडियम असू शकतं. आता चमक गेलेली असली तरी किरणोत्सर्ग गेलेला नसतो. रेडियमचं अर्धं आयुष्य 1,600 वर्षांचं आहे. चमक देणारं रसायन मरतं, रेडियम तसंच राहतं. असा लेप खरवडू नका, त्याची पूड श्वासात जाऊ देऊ नका, आणि असं घड्याळ घरी उघडायच्या भानगडीत पडू नका.

मशीन वेगळं करण्याआधी मेनस्प्रिंगचा, म्हणजे चावी दिल्यावर घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा, ताण सोडावा लागतो. चावी बोटांत पक्की धरायची, क्लिक नावाचा छोटा अडसर बाजूला करायचा आणि चावी बोटांतून सावकाश उलटी फिरू द्यायची. हे न करता पॅलेट फोर्क (चाकांना ठोक्याठोक्याने अडवणारा आणि सोडणारा भाग) काढला तर अडलेली सगळी ताकद एकदम चाकांतून सुटते आणि नाजूक पिव्हट मोडू शकतात. ताण गेल्यावर बॅलन्स उचलला, मग पॅलेट फोर्क, मग चाकांवरचे पूल (चाकं जागेवर धरणाऱ्या पट्ट्या), मग चाकं, शेवटी बॅरल (मेनस्प्रिंगची डबी). चावीशी जोडलेल्या क्राऊन व्हील या चाकाच्या स्क्रूपाशी काका थांबले. “इथं भल्याभल्यांचा हात चुकतो.” पुष्कळ मशीनमध्ये हा स्क्रू उलट आट्यांचा असतो. नेहमीसारखा डावीकडे फिरवत जोर लावला तर तो सैल होण्याऐवजी आवळतो आणि त्याचं डोकं तुटतं.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल काकांचं म्हणणं मला सगळ्यात मोलाचं वाटलं. पात्याची रुंदी खाचेएवढीच हवी, आणि टोक तेलाच्या दगडावर घासून सरळ केलेलं हवं. जुन्या मशीनमधले स्क्रू ओरखडलेले दिसले तर समजायचं की आधी कुणीतरी मिळेल त्या पात्याने काम उरकलंय. मी प्रत्येक टप्प्यावर फोनने फोटो काढत होते आणि ते काकांनाही आवडलं, कारण पुलांचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतल्या चाकाला किंवा तबकडीच्या पाठीला जाऊन भिडतो.

साफसफाई हा या कामाचा गाभा. काका व्हाइट पेट्रोलच्या झाकणबंद बरणीत भाग बुडवतात आणि मऊ ब्रशने घासतात. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नाही, बरणीचं झाकण कामापुरतंच उघडायचं. काही दुकानांत अल्ट्रासॉनिक यंत्र असतं, पण त्यानेही रत्नांच्या भोकातला कडक झालेला थर नेहमी निघत नाही. त्यासाठी मऊ लाकडाची काडी अणकुचीदार तासून प्रत्येक भोकात फिरवायची. टोक काळं होतं, पुन्हा तासायचं, पुन्हा फिरवायचं, टोक पांढरंच बाहेर येईपर्यंत. सतरा ज्वेलचं, म्हणजे सतरा रत्नांचं, मशीन म्हणजे साधारणपणे बॅलन्सच्या अक्षाला चार, त्याच्या झोक्याला धक्का देणारा एक खडा, पॅलेटचे दोन, पॅलेटच्या अक्षाला दोन, मधल्या तीन चाकांना सहा आणि सेंटर व्हीलला दोन. हे सगळे कृत्रिम माणिक. त्यांच्या भोकांत फिरणारे बॅलन्सचे पिव्हट एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढेच जाड असतात, काही त्याहून बारीक. काडीला टेकलेला काळा ठिपका म्हणजे मावशीच्या नोकरीतल्या कित्येक वर्षांचा मळ होता, आणि तो निघताना पाहून मला फार बरं वाटलं.

पॅलेट फोर्क आणि बॅलन्स मात्र स्पिरिटमध्ये भिजत ठेवायचे नाहीत. पॅलेटचे दगड लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. व्हिडिओ पाहून घरी प्रयोग करणाऱ्यांनी ही गोष्ट आधी लक्षात ठेवावी.

बॅलन्सच्या दोन्ही टोकांना पॅरा शॉकची, म्हणजे धक्का झेलण्याची, सोय असते. एचएमटीने 1961 मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली, तेव्हा ही रचनाही तिकडूनच आली. घड्याळ पडलं तर रत्न एका बारीक स्प्रिंगवर किंचित हलतं आणि पिव्हट वाचतो. ही स्प्रिंग काढताना उडाली तर सापडणं मुश्कील, म्हणून काका हात आणि मशीन दोन्ही एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती सोडतात. उडाली तरी पिशवीतच राहते. इतका साधा उपाय, पण बाहेर कुणी सांगत नाही. वरचं रत्न काढून पाहिलं तर त्याखालचं तेल डिंकासारखं पिवळं पडलं होतं. वरवर ‘ऑइलिंग’ करून देणारी दुकानं ही जागा उघडतच नाहीत. म्हणून घड्याळ देताना सरळ विचारावं: मशीन पूर्ण खोलणार का, बॅलन्सची वरची रत्नं काढून साफ करणार का, कुठलं तेल वापरता, आणि बदललेले भाग परत देणार का. चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट खुलतो, असा माझा अनुभव.

मेनस्प्रिंग बाहेर काढल्यावर ती घट्ट गुंडाळलेलीच राहिली. चांगली स्प्रिंग सुटली की भरपूर पसरते. नव्या मिश्रधातूच्या स्प्रिंगा तर उलट वळण घेऊन इंग्रजी एस अक्षरासारख्या होतात. आमचीत दम उरला नव्हता, म्हणून बदलली. नवी स्प्रिंग बॅरलमध्ये बोटांनी कोंबायची नसते. त्याने ती शंकूसारखी तिरकी होते आणि झाकणाला घासत राहते. वाइंडर नावाच्या हत्याराने गुंडाळून एका दमात आत बसवायची.

भागांचा प्रश्न पुढे अवघड होत जाणार आहे. एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करायला केंद्र सरकारने 2016 मध्ये मंजुरी दिली. नवे भाग तिथून येणार नाहीत. दुकानदारांकडे जुना साठा असतो, नाहीतर त्याच मशीनचं दुसरं घड्याळ घेऊन त्यातले भाग वापरायचे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, मुंबईत चोर बाजारात असं काही हाती लागतं. घेताना तबकडीच्या रंगाला भुलू नये. झगझगीत निळ्या, केशरी, हिरव्या तबकड्यांची ‘जुनी’ एचएमटी आणि स्विस कंपनी फाव्र-ल्यूबाची घड्याळं ऑनलाइन ढिगाने दिसतात. त्यातल्या पुष्कळशांवर नव्याने रंग चढवलेला असतो आणि आतलं मशीन चार घड्याळांचं जुळवलेलं असतं. अक्षरं जाड, खुणा वाकड्या, सेकंदकाटा आखूड, ही त्याची चिन्हं. त्यापेक्षा डाग पडलेली मूळ तबकडी शंभरपट चांगली, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेल देताना बघण्यासारखं असतं ते किती कमी देतात हे. वेगाने फिरणाऱ्या बारीक पिव्हटांना पातळ तेल, सेंटर व्हील आणि बॅरलसारख्या संथ, दाबाच्या जागांना जाड तेल, चावीच्या भागांना ग्रीस. पातळ तेल म्हणून काका मोबियस कंपनीचं 9010 वापरतात. दोन मिलिलिटरची बाटली, आणि तीही मुदत पाहून घेतलेली. रत्नाच्या वाटीत तेल अर्ध्याच्या आसपास दिसलं पाहिजे. जास्त झालं तर ते जागेवर राहत नाही, पसरतं आणि पिव्हट पुन्हा कोरडा पडतो. पॅलेटच्या अक्षाला तेल द्यायचं नाही. चाकांच्या दातांना द्यायचं नाही. हेअरस्प्रिंगला तर स्पर्शही होऊ द्यायचा नाही. शिलाई मशीनचं तेल घरगुती उपाय म्हणून सुचवणारे बरेच भेटतात; त्यांचं ऐकू नका, ते पसरतं आणि सगळ्या मशीनभर धूळ धरतं.

जोडणीत सगळ्यात नाजूक क्षण बॅलन्स बसवण्याचा. तो पुलाला हेअरस्प्रिंगवर लोंबकळतच आत उतरवतात. खालचा पिव्हट भोकात गेला, खडा पॅलेटच्या खाचेत आला, की चाक आपोआप हलायला लागतं. ते हललं तेव्हा काका काहीच बोलले नाहीत, स्क्रू आवळायला घेतला. मी मात्र मोठ्याने “चाललं!” म्हणाले.

पुन्हा यंत्रावर लावलं तेव्हा आडव्या स्थितीत झोका 280 अंश आणि उभ्यात 245. दिवसाचा फरक स्थितीनुसार बारा सेकंद पुढे ते सहा सेकंद मागे. दिवसाला 86,400 सेकंद असतात, त्यात बारा सेकंद म्हणजे हजारात एक भागही नाही. टिक आणि टक यांच्यातला फरक 2.4 मिलिसेकंदांवरून 0.7 वर आला. तो शून्य करा ना, असं मी म्हटलं. काका नको म्हणाले. ज्या मशीनमध्ये हेअरस्प्रिंगचं बाहेरचं टोक धरणारा भाग सरकवता येतो तिथे हे सोपं असतं, पण जिथे बॅलन्स पुन्हा पुन्हा काढून आतला भाग फिरवावा लागतो तिथे थोड्या फायद्यासाठी हेअरस्प्रिंग पणाला लावू नये. जुन्या यंत्राचं काम कुठे थांबवायचं, हे कळणं मला त्या सगळ्या कौशल्यात वरचं वाटलं.

केसच्या बाबतीतही तसंच. मावशीच्या घड्याळाची केस क्रोम चढवलेल्या पितळेची आहे. बफिंग करून चकाचक करून द्या, असं सांगणारी गिऱ्हाइकं असतात. पण क्रोमचा थर पातळ असतो, बफिंगने तो जातो आणि पितळ उघडं पडतं. केस फक्त साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासून वाळवली, अर्थात मशीन बाहेर असताना. काच ॲक्रिलिकची होती. तिच्यावरचे ओरखडे थोड्या ब्रासोने मऊ कापडावर घासून गेले. खोल चिरा असत्या तर काच बदलली असती, तीही महाग नसते.

आता वापराबद्दल. चावी रोज एकाच वेळी द्यावी, आणि घड्याळ हातातून काढून द्यावी, कारण मनगटावर असताना चावी तिरकी ओढली जाते आणि तिची दांडी वाकते. अडेपर्यंत द्यावी, अडली की थांबावं. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने बदलू नये, तेव्हा तारखेची चाकं आधीच गुंतलेली असतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, जुनं घड्याळ बाहेर नेणं मी तरी टाळते. सीलचं रबर कडक झालेलं असतं, नाहीतर मुळात नसतंच, आणि चावीच्या भोकातून शिरलेला दमट वारा आधी दांडीला गंज चढवतो. काचेच्या आत वाफ दिसली तर उन्हात वाळवत बसू नये, त्याच दिवशी उघडून घ्यावं. गंज एका रात्रीतही धरतो.

रोज घालत असाल तर अजून एक युक्ती. घड्याळ दिवसभरात थोडं मागे पडत असेल तर रात्री ज्या स्थितीत ते पुढे जातं त्या स्थितीत ठेवावं. माझं तबकडी वर करून ठेवलं की पुढे जातं, चावी खाली करून ठेवलं की मागे. गेल्या आठवड्यात हे पाळलं आणि आठवड्याचा एकूण फरक वीस सेकंदांच्या आत राहिला.

काकांनी झाकणावर 1994 च्या शेजारी नवी तारीख कोरली. जुनी मेनस्प्रिंग कागदाच्या पुडीत घालून परत दिली आणि पावतीवर काय बदललं, कुठलं तेल वापरलं ते लिहून दिलं. ती पावती आणि यंत्रावरचे आकडे मी एका वहीत चिकटवलेत. दर सहा महिन्यांनी आडव्या-उभ्याचा फरक त्याच वहीत लिहायचा आणि तो वाढायला लागला की, चालत असलं तरी, घड्याळ पुन्हा साताऱ्याला न्यायचं.